धुतलेला नमुना

सेबू, १४ जून १९९६

प्रिय टिया कोंचिंग,

आशीर्वादासाठी तुमचा हात इथूनच कपाळाला लावते. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरून काढता, असं मानोय रुबेन म्हणतो. शिवाय माझा प्रश्न ऑफिसात मोठ्याने विचारला तर तो पुन्हा हसेल. म्हणून पत्र.

मानांग सोलिंगचा माल आला आहे. तुम्हाला त्या आठवत असतील, सोलेदाद इबान्येझ, पूर्वी सरकारी इस्पितळात मुख्य नर्स होत्या. आता माबोलोतल्या आपल्या घरातच अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात. सध्या सात जण आहेत. स्वतःचं वय बहात्तर, पण आपल्या ऑफिसचा जिना माझ्याआधी चढतात. त्यांनी जर्मनीहून रोग्यांना अंघोळ घालायच्या थैल्या मागवल्या आहेत, साठ खोकी. काही स्वतःला ठेवून बाकीच्या त्या अशाच दुसऱ्या घरांना देणार. थैली पांढरी, मऊ, तळहाताहून थोडी मोठी. आत हात घालायचा आणि रोग्याचं अंग पुसून काढायचं.

मी सगळं तुम्ही शिकवलं तसंच केलं. त्यांनी दिलेला नमुना तीन पाण्यांतून काढला, सावलीत दोरीवर वाळवला, मग कडेचा तुकडा कापून जाळला. कागद जळल्याचा वास आला आणि शेवटी एक बारीक काळा मणी राहिला. म्हणजे व्हिस्कोस, आणि थोडं पॉलिएस्टर. पहिल्या पाण्याला जरा फेस आला होता, पण ती नव्या कापडाची खळ असणार. तुमचं वाक्य अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे : कापड धुतल्याशिवाय खरं बोलत नाही.

काल मी कस्टम्सच्या घोषणापत्रावर सही केली. माल ‘इतर तयार कापडी वस्तू’ म्हणून दाखवला. आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. टिया, ती थैली आहे की हातमोजा? तिला अंगठा नाही. पण बोटं नसली तरी मोजा तो मोजाच असं टॅरिफचं पुस्तक म्हणतं, आणि मोज्यांना कर लावायचं शीर्षक वेगळं आहे. मी पुस्तक चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचल्यावर मला माझा स्वतःचा हातही कुठल्या शीर्षकाखाली जातो ते कळेना.

मानोय म्हणाला, तुझ्यासारखे आणखी दोन कस्टम्स ब्रोकर असते तर बंदरातल्या बोटी जागच्या जागी गंजल्या असत्या. थोरला भाऊ असला तरी त्याला परवाना नाही, त्याला सही करावी लागत नाही, म्हणून त्याला हसू येतं. सहीच्या वर ‘शपथेवर’ असं छापलेलं असतं. तातय गेल्यापासून या घरात ती सही करणारी मी एकटीच आहे.

लवकर लिहा.

तुमची,
नेरिसा


दुमागेते, २० जून

इंदाय,

पोरी, तुझं पत्र वाचून मी आधी माझा अंगठा पाहिला. आहे जागेवर. मग भात खाल्ला, आणि आता लिहायला बसले आहे. तूही आधी जेवत जा. उपाशी माणसाला प्रत्येक गोष्टीत दोन शीर्षकं दिसतात.

ऐक. मोजा हातासाठी असतो. ही थैली हातासाठी नाही, म्हाताऱ्याच्या पाठीसाठी आहे. मोज्यात हात राहायला जातो, थैलीत कामाला जातो. तेव्हा ती टॉवेलाची बहीण आहे, मोज्याशी तिचं काही नातं नाही. सही केलीस ती बरोबर केलीस. फेसाचं म्हणशील, तर जर्मन माणूस खळसुद्धा साबणाने धुऊन लावत असेल.

तुझ्या तातयकडे, माझ्या भावाकडे, परवाना होता आणि माझ्याकडे नाक होतं. त्यावर आम्ही तीस वर्षं काढली. तुझ्याकडे दोन्ही आहे, तरी तू घाबरतेस. सात वर्षांची होतीस तेव्हा बरी होतीस. शेजारच्या मुली बाहुल्या खेळायच्या आणि तू त्यांच्या बाहुल्यांचे झगे जाळून हुंगायचीस. एकीची आई भांडायला आली होती. तू तिला शांतपणे सांगितलंस की झगा नायलॉनचा आहे, दुकानदाराने तुम्हाला रेशीम म्हणून फसवलंय. ती मुलगी कुठे गेली?

रुबेनला सांग, बोटी गंजल्या तरी चालतील, काबाहुगांची सही गंजता कामा नये. इथे सगळं ठीक. गुडघे दुखतात, पण ते माझे गुडघे आहेत, त्यांना माझ्यासारखी तक्रार करायची सवय आहे.

टिया कोंचिंग


सेबू, ८ जुलै

प्रिय टिया,

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

मानांग सोलिंगचा माल कस्टम्सने अडवला आहे. प्रश्न अंगठ्याचा नव्हता. आयातदाराने दिलेला नमुना आणि प्रत्यक्ष माल यांत फरक निघाला. माल साबण लावलेला आहे, नमुन्यात साबण नव्हता; चुकून वापरलेली थैली दिली गेली असेल, असं मानांग सोलिंग म्हणतात. साबण म्हटला की औषध-प्रसाधन खात्याची परवानगी आधी लागते, ती नव्हती. करात फारसा फरक नाही, पण घोषणापत्र खोटं ठरलं. १२ ऑगस्टला सुनावणी आहे.

माझ्याबद्दल काळजी करू नका. आमच्यासाठी प्रार्थना करा.

नेरिसा


दुमागेते, १३ जुलै

इंदाय,

तुझं पत्र चार ओळींचं आणि तेही टायपिस्टने लिहिल्यासारखं. एवढी घाबरलीस? अगं, तुझा काय दोष? नमुना एक द्यायचा आणि माल दुसरा आणायचा ही जुनी चाल आहे. मी शंभर वेळा पाहिली आहे. फक्त ती नर्सकडून येईल असं वाटलं नव्हतं.

गप्प बसणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. काल मी त्या बाईंना पत्र टाकलं. शिव्या दिल्या नाहीत, सभ्यपणे लिहिलं. लिहिलं की माझ्या भाचीने परवाना मिळवायला सहा वर्षं अभ्यास केला, बाप गेला त्या वर्षीसुद्धा परीक्षेला बसली. लिहिलं की नवी वस्तू आणि वापरलेली वस्तू वेगळी ठेवता येत नसेल तर माणसाने वय ओळखावं आणि दुसऱ्यांचे जीव सांभाळायचा धंदा बंद करावा.

थोडं लागेल त्यांना. लागू दे. तू भिडस्त आहेस, तू बोलणार नाहीस, म्हणून मी बोलले.

मासे वाळवून ठेवले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

टिया कोंचिंग


सेबू, २९ जुलै

टिया,

मानांग सोलिंगना पुन्हा पत्र लिहू नका. हे मी तुमचं पत्र मिळाल्याच्या दिवशीच लिहायला हवं होतं. अकरा दिवस झाले. रोज कागद घेते आणि रोज एखादं घोषणापत्र भरायला बसते.

त्यांनी वापरलेला नमुना दिला नव्हता. त्यांनी नवा दिला होता. साबण मी धुऊन काढला. तीन पाण्यांनी. पहिल्या पत्रात मी तुम्हाला फेसाबद्दल लिहिलं होतं, तुम्ही विसरला नसाल.

२ जुलैला बंदरावर तपासणी होती. तपासणी अधिकारी मिस्टर ओम्पाद, हळू बोलणारे गृहस्थ आहेत. मी होते, मानांग सोलिंग होत्या. मानोय बाहेर फॉर्म आणायला गेला होता. ओम्पादनी एक खोकं फोडलं, थैली काढली, तिच्यावर आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि मूठ आवळली. फेस त्यांच्या मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मिस काबाहुग, हा साबण आहे. कापड नुसतं त्याला धरून बसलंय.”

ते बरोबर होतं. साबण भरलेलं दाबीव कापड साबणात जातं, कापडात नाही. चौतिसाव्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मी मोज्यांच्या शीर्षकापुढे गेलेच नव्हते.

मग त्यांनी नमुना मागितला. तो माझ्या फाइलमध्ये होता, एक कोपरा कापलेला. त्यांनी त्यावरही पाणी ओतलं. पाणी पाणीच राहिलं. त्यांनी विचारलं, हा कुठून आला? मी म्हटलं, आयातदाराने दिलेला नमुना आहे हा.

टिया, त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिला.

मानांग सोलिंग त्या थैलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मला विचारलं, ओम्पादना नाही, मला : “मीच वापरलेली दिली असेन का गं?”

आणि मी म्हटलं, “असेल, मानांग.”

एवढंच. त्यात मला काय वाचवायचं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चूक प्रामाणिक होती. तेव्हाच सांगितलं असतं तर दंड झाला असता, माझ्या नावापुढे एक शेरा आला असता. पण त्या क्षणी मला फक्त तो कागद दिसत होता, ‘शपथेवर’ छापलेला, खाली माझी सही. आणि त्यांनी स्वतःहून दुसरा रस्ता पुढे केला. मी त्यावर चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. केळीच्या पानात गुंडाळलेला पुतो मायाचा गोड भात आणला होता, पिकलेले आंबेही. म्हणाल्या, माझ्यामुळे तुझी सही खराब झाली, मला माफ कर. मी तो भात त्यांच्यासमोर बसून खाल्ला. मानोय म्हणाला, अशा आयातदार रोज चुकोत.

मला वाटलं, इतकंच होईल. तसं झालं नाही. त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली घरात मदतीला असलेल्या दुसऱ्या नर्सकडे दिली. म्हणाल्या, वापरलेली थैली आणि नवी थैली मला कळली नाही, उद्या गोळ्या कळल्या नाहीत तर? आता त्या रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःला वार विचारतात, मग तारीख, मग सातही रोग्यांची नावं, आणि एका पाटीवर लिहून ठेवतात. दुसऱ्या नर्सने मला हे हसत सांगितलं. तिला ते गोड वाटत होतं.

त्यांचा मुलगा अर्नुल्फो मनिलाला असतो, इंजिनियर आहे. तो गेल्या आठवड्यात आला. तुमचं पत्र जेवणाच्या टेबलावर होतं, ते त्याने वाचलं. त्याला आधीपासूनच आईला मनिलाला न्यायचं होतं, आता त्याच्या हातात कागद आला. ऑगस्टच्या शेवटी घर बंद करायचं ठरलं आहे. सातांपैकी एका आजोबांना त्यांच्या पुतण्याने नेलंसुद्धा. जाताना आजोबा मानांग सोलिंगचा हात सोडत नव्हते, असं कळलं.

सुनावणीसाठी मला शपथपत्र द्यायचं आहे. मानोयने मसुदा करून ठेवला आहे, ‘आयातदाराच्या वयोमानामुळे’ असं त्यात आहे. मी म्हटलं, हे खरं नाही. तो म्हणाला, “परवाना राहिला तर खरं बोलायला आयुष्य पडलंय.” तो वाईट नाही. त्याला दोन मुलं आहेत आणि हे ऑफिस माझ्या एका परवान्यावर चालतं.

काय करायचं ते मी तुम्हाला विचारत नाही. ते मला माहीत आहे. तरी अजून केलेलं नाही. मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून मी काही करते आहे असंही नाही. ती नुसती वाटत राहते.

नेरिसा


दुमागेते, ३ ऑगस्ट

इंदाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग दिवसभर अंगण झाडलं. झाडायला काही नव्हतं.

आधी माझं. मी त्या बाईंना लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही. मी दुसरं लिहिलं आहे, तू सांगेपर्यंत पाठवत नाही. एकदा न विचारता पाठवून काय केलं ते पाहिलं.

आता जे तुला कधी सांगणार नव्हते ते.

सन पंचाहत्तरमध्ये कोलोन रस्त्यावरचा एक व्यापारी हाँगकाँगहून बायकांचे रुमाल आणायचा, अत्तर मारलेले. अत्तर मारलेला रुमाल साधा राहत नाही. त्याच्यावर चैनीच्या मालाचा कर बसायचा. व्यापारी म्हणाला, नमुना साधा दिसला तर? तुझ्या तातयने हे केलं नसतं, म्हणून मी त्याला विचारलं नाही. मी नमुने घरी आणले आणि मोरीत धुतले. एका पाण्याने वास जात नव्हता, दुसऱ्यानेही जात नव्हता. तिसऱ्याने गेला. म्हणून तीन पाणी. उन्हात वाळवले तर कडक होतात, धुतलेले कळतात. म्हणून सावली. वाळल्यावर हलकी इस्त्री करून तातयच्या टेबलावर ठेवले. त्याने हुंगले, साधे म्हणाला, आणि सही केली. शपथेवर.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तू मोरीच्या दारात येऊन उभी राहिलीस. सात वर्षांची. म्हणालीस, टिया, नवे रुमाल का धुता? मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, कापड धुतल्याशिवाय खरं बोलत नाही, बाळा.

तू ते किती गंभीरपणे घेतलंस. त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक नमुना तू धुवायला घेऊन बसायचीस. व्यापाऱ्याचं काम मी दोन वर्षांनी सोडलं, भीती वाटली म्हणून, दुसऱ्या कशाने नाही. पण तुला थांब असं कसं सांगणार होते? तातय तुझं कौतुक करायचा. म्हणायचा, बघ, पोर आपल्यापेक्षा सच्ची निघाली. मी शेजारी बसून ते ऐकायची.

नमुना जसा आला तसाच ठेवावा, हे तुझ्या परीक्षेच्या पुस्तकात असणारच. ते वाचूनही तू मी सांगितलेलंच धरून ठेवलंस. तू ज्याला नेम समजलीस ती माझी लबाडी होती, इंदाय. तुझ्या बापाच्या सहीवर मी पाणी घातलं, वीस वर्षांनी तुझ्या.

म्हणून सांगते. शपथपत्रात लिही की आत्याने शिकवलं, तिच्या सांगण्यावरून धुतलं, नंतर तिच्याच भीतीने गप्प राहिले. मला परवाना नाही, जायला काही नाही. पासष्ट वर्षांच्या बाईला कोण काय करणार? तुझा परवाना वाचेल, त्या बाईंचं नावही साफ होईल. हवं तर मी बोटीने येऊन सही करते.

टिया कोंचिंग


सेबू, १८ ऑगस्ट

प्रिय टिया,

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर रागावले. बराच वेळ रागावले, कारण ते सोपं होतं. मग लक्षात आलं की राग येतोय तो रुमालांचा नाही. तुम्ही मला पुन्हा एक रस्ता पुढे केला, आणि माझं पाऊल पुन्हा उचललं गेलं, याचा येतोय. मानोयने तुमचं पत्र वाचलं असतं तर मसुदा संध्याकाळपर्यंत बदलून झाला असता.

पुस्तकात होतं, टिया. नमुना आला तसा ठेवावा, हे मी परीक्षेत लिहूनही आले होते. मला वाटायचं, ज्यांना टिया कोंचिंग नाहीत त्यांच्यासाठी ते लिहिलेलं आहे. धुणं तुमचं म्हणता येईल. ‘असेल, मानांग’ हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

१० तारखेला, शनिवारी, मी माबोलोला गेले. दुपारची दोनची वेळ. मानांग सोलिंग व्हरांड्यात उशांचे अभ्रे घडी करत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलले नसते. त्यांनी घडी करणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एकोणचाळीस दिवस. एकोणचाळीस दिवस मी रोज सकाळी स्वतःला वार विचारते आहे.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. अभ्रा बाजूला ठेवून म्हणाल्या, नमुना देताना मी तुला काही बोलले होते का गं, या थैल्यांबद्दल? मी म्हटलं, आठवत नाही. मग त्या उठून आत गेल्या, दुसऱ्या नर्सकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि झग्याच्या खिशात टाकली. ती विचारत होती काय झालं म्हणून. त्या म्हणाल्या, काही नाही, मी बरी झाले.

परत बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, मी काय करू सांगा. त्या म्हणाल्या, “मला काय सांगतेस? मला कळलं. अर्नुल्फोला लिही. तो माझं ऐकत नाही, कागदाचं ऐकतो. तुझ्या टियाच्या कागदाचं ऐकलं, आता तुझ्या कागदाचं ऐकू दे.” आणि म्हणाल्या, आता जा, अंघोळीची वेळ झाली. सहा जण वाट बघतायत.

१२ तारखेला सुनावणीत मी सांगितलं की नमुना मी धुतला आणि दोष आयातदारावर जाऊ दिला. ओम्पादनी मान वर न करता लिहून घेतलं. लिहून झाल्यावर विचारलं, का धुतलात? मी म्हटलं, सवय होती. ते म्हणाले, अशी सवय मी पहिल्यांदाच ऐकली. मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्हाला वाचवायला नाही. घेतलं असतं तर माझा वाटा कमी दिसला असता.

परवाना सहा महिने निलंबित झाला आहे, दंडही झाला. माल साबणाच्या शीर्षकाखाली गेला, परवानगीचा अर्ज झाला आहे. तो मानांग सोलिंगनी दुसऱ्या ब्रोकरकडून केला, ते बरोबरच आहे. मानोय तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, बोटी गंजतील म्हणालो होतो ते मी थट्टेत म्हणालो होतो. मग फाइली आवरायला लागला. त्याने एका मोठ्या ऑफिसात नोकरी विचारली आहे.

तुमचं दुसरं पत्र मानांग सोलिंगना पाठवा. रुमालांबद्दल लिहायची गरज नाही. पहिलं पत्र कशावरून लिहिलं गेलं तेवढं लिहा.

अर्नुल्फोचं पत्र अजून लिहिलेलं नाही. चार मसुदे झाले. प्रत्येकात एक ओळ मी घालते आणि खोडते.

तुमची,
नेरिसा


सेबू, २० ऑगस्ट १९९६

श्री. अर्नुल्फो इबान्येझ यांस,

आपली ओळख नाही. आपल्या आईंच्या मालाचं घोषणापत्र ज्या ब्रोकरने भरलं ती मी. माझा परवाना सध्या निलंबित आहे, तेव्हा या सहीला कायद्याने किती वजन आहे मला माहीत नाही. तरी हे मी शपथेवर लिहीत आहे, असं समजावं. याची एक प्रत कस्टम्सला आणि एक माझ्या आत्याला पाठवत आहे. तिचं पत्र आपण वाचलं आहे. तिने ते माझ्या सांगण्यावर विसंबून लिहिलं होतं, आणि मी तिला खरं सांगितलं नव्हतं.

आपल्या आईंनी मला २१ मे रोजी, मंगळवारी, सकाळी नमुना दिला. तो नवा होता, कारखान्याच्या बंद पाकिटात. पाकीट मी फोडलं. साबण मी धुऊन काढला. आपल्या आईंकडून कोणतीही अदलाबदल झाली नाही, तेव्हाही नाही आणि, माझ्या माहितीप्रमाणे, कधीच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी सुनावणीत सांगितली नाही, आत्याला लिहिली नाही, आणि १० ऑगस्टला आपल्या आईंनी समोरासमोर विचारलं तेव्हाही ‘आठवत नाही’ असं उत्तर दिलं. नमुना देताना त्या म्हणाल्या होत्या, “याला वेगळा साबण लागत नाही, नुसतं पाणी पुरतं.” मी ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं. तेव्हा मला वाटलं, कापड मऊ आहे म्हणून म्हणत असतील. त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे.

२ जुलैला अधिकाऱ्यांच्या मनगटावर फेस आला तेव्हा ते वाक्य मला त्याच क्षणी आठवलं. त्यानंतर आपल्या आईंनी मला विचारलं की आपली चूक झाली असेल का, आणि मी असेल म्हणाले.

घर बंद करण्याचा निर्णय आपला आहे. त्याबद्दल मी बोलणं योग्य नाही. पण तो निर्णय आईंना विसर पडतो या समजुतीवर घेतला असेल, तर ती समजूत माझ्यामुळे झाली आहे. त्या काहीही विसरल्या नव्हत्या. मीही विसरले नव्हते.

नेरिसा काबाहुग